एल रीनोच्या तव्यावर

अमेरिकेत चांगला बर्गर कुठे खावा, असं कोणी विचारलं तर मी न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचं नाव घेत नाही. मी एल रीनोचं नाव घेतो. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला गाडीने अर्ध्या तासावर असलेलं, सुमारे १७ हजार वस्तीचं हे गाव. आय-४० हा हमरस्ता गावाच्या दक्षिणेकडून सरळ निघून जातो, त्यामुळे बहुतेक प्रवाशांना ते दिसतही नाही. जुना रूट ६६ मात्र गावात शिरतो. गावाच्या मध्यवस्तीत, एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, तीन छोटी डायनर आहेत: रॉबर्ट्स ग्रिल, जॉनीज ग्रिल आणि सिड्स डायनर. तिन्ही ठिकाणी लोक ज्यासाठी येतात तो पदार्थ एकच, कांद्याचा बर्गर.

या वेळी डॅलसहून निघताना मामा सोबत होते. मामांची शेती निफाड तालुक्यात, त्यांचा कांदा लासलगावच्या बाजारात जातो, आणि उन्हाळ्यात मुलाकडे आलेल्या मामांना इथल्या मॉलपेक्षा इथल्या भाजीबाजारात जास्त रस होता. मामा गोमांस खात नाहीत. बर्गर म्हणजे गोमांस, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला कुठं खायचंय रे? कांद्यासाठी गाव प्रसिद्ध आहे म्हणतोस, तर कांदा बघून येऊ."

आय-३५ ने उत्तरेला निघालं की रेड रिव्हरपाशी टेक्सास संपतं. पुढे आर्बकलच्या बुटक्या टेकड्या, मग पुन्हा सपाट माळ आणि ओक्लाहोमाची ती लालभडक माती. ओक्लाहोमा सिटीला पश्चिमेकडे वळायचं. सगळा मिळून साडेतीन-चार तासांचा रस्ता. तो कंटाळवाणा आहे, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सिड्स डायनर चोक्टॉ अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आहे. मालकाने वडिलांच्या नावाने १९९० च्या आसपास ते सुरू केलं, म्हणजे तिघांत हे सगळ्यात धाकटं. आत शिरताच आधी वास येतो, गोडसर करपलेल्या कांद्याचा. मग तो कपड्यांना इतका चिकटतो की परतीच्या वाटेवर गाडीतही सोबत असतो. जागा लहान. लांब काउंटर, त्यापुढे स्टुलं, थोडी बाकं. काउंटरच्या फळीत पारदर्शक लेपाखाली गावाची शेकडो जुनी छायाचित्रं पसरलेली आहेत: रेल्वेची इंजिनं, कारखान्यातले कामगार, शाळांचे संघ, जुनी दुकानं. बशी सरकवली की तिच्याखालून कोणाचे तरी पणजोबा बाहेर येतात. तुम्ही गेलात तर बाकावर बसू नका, काउंटरवर स्टूल मिळेपर्यंत थांबा. कारण तवा समोरच आहे आणि इथे बघण्यासारखं जे आहे ते तव्यावरच आहे.

तव्यामागच्या माणसाच्या एका हाताशी कच्च्या खिम्याचे गोळे होते आणि दुसऱ्या हाताशी कांद्याचा डोंगर. कांदा यंत्रावर कापलेला, आरपार दिसेल इतका पातळ, लांब लांब धाग्यांचा. त्याने गोळा तव्यावर टाकला. त्यावर मूठ भरून कांदा ठेवला, मोजमाप काही नाही, पण ढीग गोळ्याहून मोठाच दिसत होता. मग उलथनं उचललं. ते गवंड्याच्या थापीसारखं रुंद आणि जाड, अजिबात न वाकणारं. त्याने ते कांद्यावर ठेवून अंगाचा भार टाकला, सरकवलं, पुन्हा दाबलं. दोन-तीन दाबांत गोळ्याची चकती झाली आणि कांदा मांसात रुतून बसला. कडा पार विरळ, फाटक्याच म्हणा ना, मधे मधे भोकंही. नवख्याला वाटावं की हे बिघडलं. पण पदार्थाची सगळी गंमत त्या फाटक्या कडांत आहे, कारण त्याच आधी कुरकुरीत होतात.

खालची बाजू खरपूस झाली की चकती उलटते. आता कांदा खाली, मांस वर. चकतीतून सुटलेली चरबी कांद्यात उतरते आणि कांदा तिच्यात तळला जातो. कांद्याला सुटलेलं पाणी वाफ होऊन मांसात चढतं, म्हणून इतकी पातळ चकतीही कोरडी पडत नाही. पाणी उडून गेलं की कांद्यातली साखर तांबूस होत जाते. एकाच चकतीत कांद्याच्या तीन-चार अवस्था सापडतात: मधला मऊ आणि गोड, त्याच्या भोवतीचा बदामी, कडेचा काळपट, आणि बाहेर पसरलेले काही धागे तर सरळ करपलेले. ते करपलेलं मुद्दाम ठेवलेलं असतं. नुसता गोड कांदा चार घासांत तोंड बांधतो, हा थोडासा कडवटपणा तसं होऊ देत नाही.

मग वर अमेरिकन चीजची पट्टी, तिच्यावर पावाचे दोन्ही भाग उपडे. पाव तव्याला लागतच नाही. तो तिथे कांद्याच्या वाफेवर मऊ होतो आणि वासही उचलतो. शेवटी उलथनं तव्याला घासत असं खाली घालायचं की चिकटलेला एकही धागा मागे राहता कामा नये. तव्यावर कांदा राहिला तर बर्गरची निम्मी चव तव्यावर राहिली. सोबत लोणच्याची काकडी आणि मोहरीचा पिवळा सॉस. टोमॅटो, कोशिंबिरीची पानं यांची इथे गरज नाही. ती मागणाऱ्याला मिळत असतील, पण मी तरी मागणार नाही.

पहिल्या घासाला दातांना लागते ती कडेची कुरकुर, आणि लगेच पाठोपाठ गोडवा. मांस आणि कांदा वेगळे करता येत नाहीत. शहरातल्या महागड्या हॉटेलांत बर्गरवर परतलेला कांदा घालून देतात, तो वरून घातलेला असतो आणि तसाच लागतो. इथे कांदा मांसाबरोबर शिजलेला असतो. चकती पातळ असल्यामुळे दोन चकत्यांचा बर्गर घेतला तरी जड होत नाही, आणि भूक असेल तर मी तोच घ्यायला सांगेन.

मामा बटाट्याचे तळलेले काप आणि मिल्कशेक घेऊन बसले होते. काउंटरवरच्या बाईंना मी मामांविषयी सांगितलं, हे भारतातले कांद्याचे शेतकरी आहेत म्हणून. त्यांनी आत जाऊन एक अख्खा कांदा आणून मामांच्या हातात ठेवला. पिवळ्या सालीचा, मोठा, वजनदार. मामांनी तो दाबून पाहिला, मान बघितली, मुळाची बाजू बघितली, नाकाशी नेला. "याला पाणी जास्त आहे," ते म्हणाले. "आपला उन्हाळ कांदा तिखट आणि घट्ट. चाळीत चार-पाच महिने राहील, पण असा दाबून भाजला तर याच्या आधी करपेल. यांना हाच बरा." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर तव्यामागच्या माणसाने काम न थांबवता मान डोलावली.

एक गोष्ट गोमांस वर्ज्य असलेल्यांसाठी. तवा एकच असतो आणि दिवसभर त्यावर तीच चरबी असते. तेव्हा "नुसता कांदा पावात घालून द्या" असं सांगण्यात अर्थ नाही. मामांनी ते पाच मिनिटांत ओळखलं होतं.

हा पदार्थ या गावात का जन्मला, ते समजायला रेल्वेकडे वळावं लागतं. शिकागो, रॉक आयलंड अँड पॅसिफिक या रेल्वेचे दोन मार्ग एल रीनोत एकमेकांना छेदत. एक उत्तरेकडून कॅन्ससमधून येऊन टेक्सासकडे जाणारा, दुसरा पूर्वेला मेम्फिसपासून पश्चिमेला न्यू मेक्सिकोतल्या टुकुमकारीपर्यंतचा. साहजिकच इंजिनं आणि डबे दुरुस्त करण्याचे मोठे कारखाने इथे आले आणि गावाची चूल त्यांच्या पगारावर पेटू लागली. १९२२ साली रेल्वे मजूर मंडळाने कारखान्यातल्या कामगारांच्या मजुरीत तासाला ७ सेंटांची कपात जाहीर केली. १ जुलै १९२२ ला देशभरातले सुमारे ४ लाख कामगार संपावर गेले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने संपाविरुद्ध कडक मनाई हुकूम दिला आणि संप हळूहळू मोडला. तोवर रेल्वेवर जगणाऱ्या गावांमध्ये पगार थांबलेले होते.

गावात सांगतात ते असं. रॉस डेव्हिस नावाच्या गृहस्थाचं हॅम्बर्गर इन नावाचं छोटं दुकान होतं. मांस महाग, कांदा स्वस्त, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे नाहीत. तेव्हा त्याने मांस कमी करून त्यात जवळजवळ तेवढाच कांदा दाबायला सुरुवात केली. चकती मोठी दिसे, पोट भरे आणि किंमत वाढवावी लागत नसे. काहीजण हीच गोष्ट १९२९ नंतरच्या महामंदीशी जोडतात आणि याला मंदीचा बर्गर म्हणतात. मला संपाची हकिकत जास्त पटते, कारण मंदी सगळ्या देशावर आली होती, पण रेल्वेच्या कारखान्यांवर जगणाऱ्या गावावर हाल सात वर्षं आधीच आले होते. मंदीने ही युक्ती पक्की केली असणार आणि रूट ६६ वरून जाणाऱ्या लोकांनी ती ओक्लाहोमाभर नेली असणार.

युक्ती अगदी आभाळातून पडली असंही नाही. उत्तरेला त्याच रेल्वेमार्गावरच्या विचिटा शहरात वॉल्टर अँडरसन १९१६ पासून तव्यावर चपटे दाबलेले, कांदा घातलेले बर्गर विकत होता. १९२१ मध्ये त्याने बिली इंग्रॅमबरोबर व्हाइट कॅसल काढलं, ती अमेरिकेतली पहिली बर्गरची साखळी, आणि तिथे बर्गर ५ सेंटांना मिळे. तो काळ खिम्याबद्दल संशयाचाही होता. अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' या १९०६ च्या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली होती, आणि दळलेल्या मांसात काय काय असेल या विचाराने लोक बिचकत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तवा ठेवून शिजवण्याची पद्धत त्या संशयाला उत्तर म्हणून फार उपयोगी पडली. सिड्सच्या काउंटरवर बसून तव्याकडे बघताना आपण त्याच काळातली सोय वापरत असतो.

मी हे सगळं मामांना सांगत होतो. कांदा स्वस्त होता म्हणून, या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं. "स्वस्त म्हणजे किती? आणि पिकवणाऱ्याच्या हातात काय पडत होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही हकिकत मी वाचली आणि ऐकली ती नेहमी खाणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या बाजूने. लिलावात भाव कोसळल्यावर ट्रॅक्टर तसाच घरी आणलेल्या माणसाने ती शेताच्या बाजूने ऐकली. तेव्हापासून ही गोष्ट कोणाला सांगताना "कांदा स्वस्त होता" हे शब्द मला पूर्वीइतके सहज उच्चारता येत नाहीत.

रॉक आयलंड रेल्वे ३१ मार्च १९८० ला कायमची बंद पडली. जुन्या स्टेशनात आता कॅनेडियन काउंटीचं ऐतिहासिक संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासारखं आहे. ज्या कारखान्यांचे पगार थांबल्यामुळे कांदा दाबावा लागला ते गेले. मांस परवडू लागलं तरी कांदा कोणी कमी केला नाही, कारण तोवर गावाला त्याच चवीची सवय लागली होती आणि मुलांनाही बर्गर म्हणजे तोच वाटत होता.

जेवण झाल्यावर आम्ही चालत बिकफर्ड अॅव्हेन्यूवरच्या रॉबर्ट्स ग्रिलपाशी गेलो. हे तिघांत सगळ्यात जुनं, १९२६ पासूनचं. योगायोग असा की रूट ६६ ला त्याचा क्रमांक मिळाला तोही १९२६ मध्येच. छोटीशी पांढरी इमारत, आत एक काउंटर आणि त्यापुढची मोजकी स्टुलं. टेबलं मांडायला जागाच नाही. इथे गिऱ्हाईक आणि तवा यांच्यात हातभर अंतर असतं, आणि शेजारचा माणूस तुमच्याशी बोलणार हे गृहीत धरायचं. माझ्या शेजारच्या आजोबांनी न विचारता सांगून टाकलं की सिड्सला परगावची माणसं जातात, गावची इथे येतात. सिड्समध्ये मघाशी शेजारी बसलेले लोक चांगले गावातलेच होते, पण मी वाद घातला नाही. प्रत्येक घराचं एक दुकान ठरलेलं असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, असं मला तिथे दिसलं. १९४६ साली सुरू झालेल्या जॉनीजचेही असेच निष्ठावंत आहेत. रॉबर्ट्सचा बर्गर मला थोडा जास्त खरपूस वाटला, जागेमुळेही वाटला असेल. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर चव म्हणून सिड्स, आणि शंभर वर्षांपूर्वीचा काउंटर कसा असेल हे अनुभवायचं असेल तर रॉबर्ट्स.

बर्गरशिवाय इथली कोनीही खाऊन बघावी, म्हणजे पावातलं सॉसेज, त्यावर तिखटसर चिली आणि अगदी बारीक चिरलेल्या कोबीची, मोहरीच्या सॉसमधली आंबटगोड कोशिंबीर. ओक्लाहोमाबाहेर ती अशी सहसा मिळत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावात कांदा बर्गरचा उत्सव असतो आणि रस्त्यावर सगळे मिळून ८५० पौंडांहून जड, म्हणजे जवळजवळ ३९० किलोंचा एकच बर्गर भाजतात. जायचं तर जा, पण मे हा इथे टॉर्नेडो या चक्री वादळांचाही महिना. ३१ मे २०१३ ला गावाच्या दक्षिणेला झालेलं वादळ २.६ मैल, म्हणजे ४.२ किलोमीटर रुंद होतं, नोंद झालेल्यांत सगळ्यात रुंद, आणि त्यात वादळांचा अभ्यास करणारे अनुभवी संशोधकही बळी गेले. हवामानाचा इशारा बघूनच निघावं.

गावापासून थोड्या अंतरावर रीनो किल्ला आहे. १८७० च्या दशकात शायान आणि अरापाहो जमातींवर वचक ठेवायला लष्कराने तो बसवला आणि गावाने नाव त्याच्यावरूनच घेतलं. त्यांच्याच प्रदेशात आपण उभे आहोत, हे तिथे विसरू नये. पुढे तिथे लष्करासाठी घोडे तयार होत. १९६३ मध्ये केनेडींच्या अंत्ययात्रेत रिकाम्या खोगिराने चाललेला ब्लॅक जॅक हा घोडा इथलाच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आणि इटालियन कैद्यांच्या कबरी तिथल्या दफनभूमीत आहेत. आज त्या जागेत कुरणांवर संशोधन करणारी सरकारी कृषी प्रयोगशाळा चालते. मामा तिथल्या गवताकडे बराच वेळ बघत उभे होते.

गेल्या काही वर्षांत हा बर्गर गावाबाहेर फार गाजला आहे. त्यात जॉर्ज मॉट्झ यांचा वाटा मोठा. २००४ मध्ये त्यांनी 'हॅम्बर्गर अमेरिका' हा माहितीपट केला, मग त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात त्याच नावाचं हॉटेल काढलं. तिथे ओक्लाहोमाच्या पद्धतीचा कांदा बर्गर मिळतो. ज्यांना इतक्या लांब जाणं जमणार नाही त्यांनी तो जरूर खावा.

मामांनी मात्र घरी करून बघायचं ठरवलंय, मटणाच्या खिम्याचा. मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त खिमा चरबीसकट हवा, पाचवा हिस्सा तरी चरबी असावी, नाहीतर कांदा तळला जायला काही उरत नाही. बिडाचा जड तवा चांगला तापू द्यावा. खिमा मळू नये, त्यात मसाला घालू नये, नुसता सैल गोळा करावा आणि दाब कच्चा असतानाच द्यावा. उलटल्यावर दाबलं तर रस तव्यावर जातो. आणि घरच्या तव्याला डायनरच्या तव्याएवढी आच नसते, म्हणून पातळ कापलेल्या कांद्याला आधी मीठ चोळून अर्धा तास ठेवावं आणि फडक्यात घट्ट पिळून पाणी काढून टाकावं. मामा म्हणतात, त्यांच्या उन्हाळ कांद्याला एवढं पिळायची गरज पडणार नाही. नाशिकला परतले की ते करून कळवणार आहेत.